पाठमोरं घर

माझ्या दुकानात मेलेली माणसं रोज जिवंत होतात... दचकू नका. पनवेलला उरण नाक्याच्या आत माझं फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. मुलाचं लग्न होतं, वडील आधीच गेलेले असतात, मग घरची माणसं आधार कार्डावरचा फोटो घेऊन येतात — "दादा, यांनाही स्टेजवर उभं करा ना." मी करतो. फेटा घालतो, चेहऱ्यावर थोडं हसूही आणतो. त्यामुळे फोटोत नसलेला माणूस दिसला, पाठीमागे सावली आली, असलं काही कुणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, फाइल कोणी बनवली?

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण टाइमपास म्हणून. विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. मुंजा, वेताळ, खाडीतली बाई, सगळं लहानपणी ऐकलंय आणि मोठेपणी त्याच खाडीत चिंबोऱ्या पकडल्यात. तरीही आज लिहायला बसलोय, कारण गेल्या वर्षी माझ्याच मशीनमधून एक पोस्टर बाहेर आलं आणि तेव्हापासून मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. फाइल कोणी बनवली ते मात्र पक्कं माहीत आहे.

आधी घरचं सांगतो. आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. रडगाणं गात नाही... प्लॉट मिळाला, पक्कं घर झालं, दुकान वाढलं. पण माझ्या वडिलांना पुढे विस्मरणाचा आजार लागला आणि त्यात त्यांचं नवं घर पुसून गेलं, जुनं तेवढं राहिलं. संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे. "चल, घरा जाव." मी म्हणायचो, "बाबा, हेच आपलं घर." ते माझ्याकडे असं बघायचे की मी त्यांना फसवून कुठेतरी आणून ठेवलंय. माझं नाव त्यांनी वर्षभरात घेतलं नव्हतं. एकदोनदा तर नजर चुकवून हायवेपर्यंत गेले. भरधाव ट्रेलरच्या मधून एका रिक्षावाल्याने हात धरून परत आणलं.

मग मी त्यांना रोज दुकानात आणून बसवायला लागलो. पण तेही किती दिवस? शेवटी माझी बायको वैशालीच म्हणाली, "एखाद्या सेंटरची चौकशी करा. तिथे गेटला कुलूप असतं." तिचा आवाज इतका थकलेला होता की मला रागही आला नाही. मी चौकशी केली, जागा बघून आलो, महिनाअखेरीला कळवतो असं सांगून आलो. त्या दिवसांत मला झोप नव्हती. आपल्या बापाला कुलपात ठेवायचं, या एका गोष्टीपुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात ती दोन पोरं दुकानात आली. ऋतुजा आणि जोएल. दोघं कॉलेजात मीडिया शिकणारी. परीक्षेसाठी त्यांना एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता आणि त्याच्याबरोबर पोस्टर, इन्स्टाचं पेज आणि सीडीचं घडीचं कव्हर. गाणं जोएलचं स्वतःचं. तो पनवेलच्या जुन्या बेने इस्रायल ज्यू घरातला, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. घरातले बहुतेक जण इस्रायलला गेलेले, हा आणि आई इथे. मागे राहिलेल्या घरावर त्याने गाणं केलं होतं, नाव 'भरती'.

"सीडी वाजवायला आता कुणाकडे काय उरलंय?" मी विचारलं.

"कुणाकडेच नाही काका," ऋतुजा म्हणाली, "पण कव्हरला मार्क आहेत."

ही ऋतुजा दिग्दर्शक. चणीने एवढीशी, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, पण कामाला बसली की बाप रे! मी नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा माणूस. आमच्याकडे चेहरा गोरा आणि नाव मोठं असलं की गिऱ्हाईक खूश. ही पोरगी माझ्या पहिल्या प्रूफकडे बघून म्हणाली, "काका, ही संध्याकाळ नाहीये. ही दुपार आहे, फक्त निळी केलेली." मी दुसरं काढलं. "आता रात्र झाली." तिसरं काढलं तेव्हा तिने ते उचलून दुकानाच्या बाहेर, उन्हात नेलं, मग सावलीत नेलं, मग मोबाइलवर व्हिडिओ लावून शेजारी धरलं.

"एवढं कोण बघतंय गं?" मी वैतागून म्हणालो.

"व्हिडिओत, पोस्टरवर, कव्हरवर, पेजवर... सगळीकडे एकच संध्याकाळ दिसली पाहिजे काका. नाहीतर ती चार वेगळी गाणी वाटतील."

मी तोंडाने कुरकुरलो आणि मनातून सलाम ठोकला. इतक्या वर्षांच्या धंद्यात रंगासाठी माझ्याशी असं भांडणारं कुणी आलं नव्हतं. खरं सांगतो, मला माझं काम पुन्हा आवडायला लागलं.

व्हिडिओसाठी तिने कामोठ्याला जोएलच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक अख्खं गाव बनवलं होतं. मिठाईचे डबे, पार्सलचे खोके, लग्नपत्रिका, प्लायवुडची मोठी फळी. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आत नळ्या नळ्या दिसतात, त्याची तिने कौलं केली होती. भोवती शाडूचा बांध. "कुठलं गाव हे?" मी फाइल उघडताना सहज विचारलं. "कुठलंच नाही. मनातलं." ती मूळची बार्शीकडची, आठवीत असताना वडिलांच्या नोकरीमुळे कामोठ्याला आली. खाडी तिने पुलावरून तेवढी पाहिलेली.

पोस्टर म्हणजे त्याच गावाचा वरून, एका बाजूने तिरका घेतलेला फोटो होता. मी ती फाइल कितीतरी वेळा उघडली. रंग बघितले, कडा बघितल्या, अक्षरं कुठे कापली जातील ते बघितलं. छापणारा माणूस चित्र बघत नाही हो, छपाई बघतो.

शेवटी रंग पास झाला आणि मोठं पोस्टर मशीनमधून सरकत बाहेर आलं. ऋतुजा आणि जोएल समोर उभे. बाबा बाकावर बसलेले. ते उठले. मला वाटलं, झालं, निघाले हायवेला. पण ते टेबलापाशी आले, चष्मा पुसला आणि पोस्टरवर बोट टेकवलं.

"ह्यो आपला घर."

मी लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कुठलंही कौलारू घर आपलंच वाटणार. "हो बाबा," म्हटलं आणि कागद कापायला घेतला. त्यांनी माझा हात धरला. पकड अशी की ब्लेड खाली पडलं.

"बग ना! दार बांधाकडं हाय."

मी वाकून बघितलं... आणि खाली पडलेलं ब्लेड उचलायचं राहूनच गेलं.

हे समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. आमची शेतं खाडीच्या पातळीला. भरतीचं पाणी अडवायला बाहेरून मातीचा बांध. तो कुठे फुटला की त्याला आम्ही 'खांड गेली' म्हणतो. खांड गेली अशी हाक आली की जेवणाऱ्याने ताट सोडून धावायचं आणि हाताला लागेल ती माती टाकायची, नाहीतर अख्ख्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात. माझ्या आज्याला बांधावर सतत नजर ठेवायची खोड. म्हणून घर बांधताना त्याने दार आळीकडे ठेवलंच नाही, मागे बांधाकडे ठेवलं. सगळी आळी एकमेकांकडे तोंड करून, आणि टोकाचं आमचं घर आळीला पाठ करून उभं. वरात आली तरी घराला वळसा घालून दारात जायची. गाव हसायचं. हजेरीत मी हरिश्चंद्र पाटील आणि गावात पाठमोऱ्यांचा हर्‍या.

पोस्टरवर आळीच्या टोकाचं घर आळीला पाठ करून होतं. फक्त तेवढं एकच. शेजारी गल्लीची तीच वाकडी वळणं, तोच देवळाचा कोपरा.

"ऋतुजा, हे घर असं उलटं का आहे?"

ती ओशाळली. "चूक झाली काका. फेविकॉल लावताना गडबडीत उलटं चिकटलं. मग कॅमेऱ्यातून बघितलं तर छान दिसत होतं... म्हणून राहू दिलं."

मी मान्य करायला तयार नव्हतो. माझ्यासारखा माणूस चटकन खोट शोधतो आणि मला ती सापडलीही. उलट्या घराच्या मागे, दाराच्या डाव्या हाताला, तिने एक छोटी गोल विहीर दाखवली होती. आमच्या दारात विहीर नव्हती! मी तिथे जन्मलो, वाढलो, मला माहीत नसणार? मला एकदम बरं वाटलं. "बघा बाबा, इथे विहीर आहे. आपल्याकडे कुठे होती?"

बाबा शांतपणे म्हणाले, "बाव बुजवली."

मी लगेच आत्याला फोन लावला. मालती आत्या, बाबांची मोठी बहीण, उरणजवळच्या करंजाला दिलेली. डोकं अजून लख्ख, सुकवलेल्या मासळीचा भाव तोंडपाठ. तिला मी पोस्टरचं काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "आत्या, आपल्या दारात कधी विहीर होती का गं?"

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुना कोनी सांगला बावीचा?" आत्या म्हणाली. "तू तवा जन्माला पन नव्हतास. खांड गेली, खारा पानी बावीत शिरला, मंग तुज्या आज्यानं बुजवली. दाराच्या डाव्या अंगाला व्हती. कनाला इचारतंस?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. आणि मग पोलीस विचारतात तसं ऋतुजाला विचारायला लागलो. आमच्याकडच्या कुणाला भेटलीस? नेटवर जुने फोटो पाहिलेस? बिचारी घाबरली. विहीर कुठून आली म्हणाल तर... तिच्या कुर्त्याचं बटण तुटून ओल्या गोंदात पडलं होतं. उपटायला गेली तर पुठ्ठा फाटायला लागला. मग तिने त्यालाच रंग लावला आणि विहीर केली. बस्स. पोरीच्या दोन चुका, आणि त्या दोन चुकांत माझ्या आज्याचं घर.

बाबा अजून पोस्टरवर बोट ठेवून उभे होते. चेहऱ्यावर जे होतं ते मी फार दिवसांनी बघत होतो. घाबरलेलं काही उरलंच नव्हतं.

"बेटा," मी तिला म्हटलं, "यांना मी ते मॉडेल दाखवायला आणू?"

तिने जोएलकडे बघितलं. मग म्हणाली, "आणा काका. पण लवकर आणा. रविवारी शेवटचा शॉट आहे. भरती येते आणि गाव पाण्यात जातं. पुठ्ठा आहे, एकदाच होईल. म्हणून तो शेवटी ठेवलाय."

"पाणी नाही सोडलं तर?"

"तर गाण्याला शेवटच नाही."

सोमवारी तिचं सबमिशन. ज्या पोरीने एका संध्याकाळच्या रंगासाठी माझा जीव खाल्ला, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुझं गाव बुडवू नकोस, माझा बाप त्यात राहतो? मी हो म्हटलं. त्या रात्री वैशालीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बुडायच्या आधी एकदा बघू दे त्यांना."

रविवारी सकाळी आम्ही कामोठ्याला गेलो. गच्चीवर दोन टेबलं जोडून त्यावर गाव मांडलेलं, खाली प्लास्टिकचा मोठा ट्रे, वर निळसर कापडाचा आडोसा, म्हणजे दिवसाढवळ्या तिची ती संध्याकाळ. बाबांनी आधी टेबलाला एक पूर्ण फेरी मारली. मग एकेका घरावर हात ठेवत सांगायला लागले... हा दामाचा, हा म्हादूचा, इथं भात झोडाचा खला, इथं होली. नावं अशी भराभर येत होती की मीच मागे पडत होतो. जोएलने हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. हा पोरगा एरवी सतत बडबड्या, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऋतुजाने कॅमेऱ्याच्या बाजूचा, म्हणजे पुढचा बांध बोटाने पातळ करून ठेवला होता. पाणी तिथूनच आत यायला हवं होतं. तिने मला खूण केली, आजोबांना बाजूला घ्या. मी हात धरला, पण ते हलले नाहीत. उलट मागच्या कोपऱ्यात गेले, उलट्या घराच्या समोर, आणि तिथल्या बांधावर तळवा ठेवून उभे राहिले. तिने क्षणभर विचार केला आणि जोएलला म्हणाली, "सोड."

पाणी ट्रेमध्ये चढायला लागलं. गाणं बारीक आवाजात चालू. पुढचा पातळ केलेला बांध ओला झाला, पण फुटला नाही. आणि मागे, बरोबर बाबांच्या हाताच्या खाली, मातीतून धार आत आली.

"खांड गेली!"

असा आवाज त्यांच्या गळ्यातून मी लहानपणी ऐकला असेल. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली. बाबांनी एका हाताने धार दाबली आणि दुसरा हात माझ्याकडे पसरला.

"हर्‍या! माती दे!"

वर्षभराने माझं नाव. मी टेबलाखालचा शाडूचा गोळा उचलून देत राहिलो. ते घेत राहिले, अंगठ्याने दाबत, तळव्याने थापत, खालून वर. हात थरथरतात म्हणून ज्यांना आम्ही चहा अर्धा कप देतो, त्या हातांना एवढंसं कंपन नव्हतं. धार बारीक झाली, मग थांबली. पाणी बाहेर, गाव कोरडं. बाबा बांधाकडे बघत उभे राहिले आणि मी बापाकडे.

ऋतुजाने कट म्हटलंच नाही. तिचा ठरवलेला शेवट तिच्या डोळ्यांसमोर गेला होता, दुसरा टेक शक्य नव्हता आणि ती पोरगी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभी होती. बाबांनी हात धुतले तेव्हा कुठे तिने कॅमेरा बंद केला. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाली, "काका, दुकान उघडा. पोस्टर बदलायचं आहे."

"आज?"

"शेवट बदलला. मग सगळंच बदलणार ना!"

पुन्हा प्रूफ, पुन्हा ऊन, पुन्हा सावली. नव्या पोस्टरवर गाव नाही, मातीने माखलेले दोन म्हातारे हात आणि मागे धूसर कौलं. संध्याकाळ मात्र तीच. आणि खाली नावं. गीत, संगीत, दिग्दर्शन यांच्या ओळीत, त्याच अक्षरांत, त्याच मापात तिने बाबांचं नाव लिहिलं होतं : 'बांध — गणू पाटील'. माझ्या मशीनमधून आजवर किती मोठमोठी नावं बाहेर आली असतील. त्यातलं एकही मी असं बोट फिरवून वाचलं नव्हतं.

आता खुलासे. मीच सगळे करून बघितलेत, तुमचा वेळ वाचवतो. जुनी सॅटेलाइट चित्रं बघितली, त्यात छपरं दिसतात, दारं दिसत नाहीत आणि विहीर तर माझ्या जन्माआधीच बुजलेली. बांध मागून फुटला कारण टेबल तिरकं असेल, असं मी मनाला सांगतो. पण बाबा तिथे आधीच जाऊन का उभे राहिले? आत्या पोस्टर बघून गेली, जाताना ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली. तिला कसला प्रश्नच पडला नाही. ऋतुजाला मी अजूनही अधूनमधून विचारतो. ती म्हणते, "काका, माझ्या तर दोन्ही चुकाच होत्या." कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मला काहीही सुचलेलं नाही.

मॉडेल ऋतुजाने आम्हाला दिलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवलंय. बाबांना सगळं आठवायला लागलं असं मुळीच नाही. त्या दिवसानंतर माझं नाव त्यांनी पुन्हा घेतलेलं नाही, बऱ्याचदा मला ते दुकानदारच समजतात. पण संध्याकाळी चपला घालत नाहीत. सेंटरवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं.

मागच्या आठवड्यात एका लग्नाचे बॅनर घेऊन मला उलव्याला जावं लागलं, यायला उशीर झाला. वैशालीचा फोन आला. बाबा दारात उभे आहेत, आत यायला तयार नाहीत. म्हटलं, पुन्हा निघाले वाटतं. "कुठे जायचं म्हणतायत?"

"कुठेच नाही हो," ती म्हणाली. "मी दार लावायला गेले तर मला म्हणाले, लावू नको, माजा पोऱ्या घरा येवाचा हाय."